तळहात लाल दिसतायत? लिव्हरची शंका घेण्याआधी आणि घेतल्यानंतर काय करायचं

दंडाला पट्टा बांधून मूठ आवळायला लावली की कुणाच्याही तळहाताचा रंग बदलतो. म्हणून नेमक्या त्याच वेळी कुणी विचारलं, ‘दादा, हात बघा ना कसे लाल आहेत, लिव्हरचं काही नसेल ना?’ तर मी लगेच काही बोलत नाही. रक्त घेतो, पट्टा सोडतो, कापूस दाबून धरायला सांगतो आणि नळ्यांवर नाव-वय लिहून होईपर्यंत त्यांना बसवून ठेवतो. हात बघायचा तो त्यानंतर.

मी डॉक्टर नाही, डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, केलेला टेक्निशियन आहे. सकाळी घरोघरी जाऊन सॅम्पल घेतो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हा नेहमीचा भाग, कधी वाशी-तुर्भ्यापर्यंतही जाणं होतं. रोज इतके उताणे हात समोर येतात की तळहाताकडे नजर जातेच. त्यात दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काहींनी मोबाइलवर काहीतरी वाचलेलं असतं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. बहुतेकदा त्यांचे हात ठणठणीत असतात. काहींचे हात मात्र खरोखर दाखवण्यासारखे असतात, आणि घरचे कौतुकाने सांगत असतात, ‘यांच्या अंगात रक्त भरपूर, हात बघा कसे गुलाबी!’ मी हे लिहितोय ते या दुसऱ्या माणसांसाठी. लिव्हर बराच काळ मुकाट्याने सोसतं. पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, तेव्हा घरच्यांना कळतं, आणि तोवर डॉक्टरांच्या हातातलेही बरेच उपाय निघून गेलेले असतात. हात त्याआधी काही सांगत असेल तर ते बघता यायला हवं.

हात बघायची पद्धत

दिवसाउजेडी, खिडकीपाशी बघा. पिवळ्या बल्बखाली सगळेच हात लाल दिसतात. महापे एमआयडीसीतून बाइकवर घरी आल्या आल्या बघू नका, हँडल धरून तळवे दाबले गेलेले असतात. गरम चहाचा ग्लास, भांडी घासणं, कणीक मळणं, जिना चढून येणं, यानंतरही नको. हात साध्या पाण्याने धुऊन पुसा आणि दहा-पंधरा मिनिटं मांडीवर सैल ठेवून बसा. हात खाली लोंबकळत ठेवले तर रक्त उतरून ते लाल होतात, म्हणून बघताना छातीच्या उंचीवर धरा.

दोन जागा बघायच्या: अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि करंगळीच्या खालच्या बाजूचा उंचवटा. हात बघणारे ज्योतिषी ज्यांना शुक्राचा आणि चंद्राचा उंचवटा म्हणतात, त्याच. लिव्हरशी संबंध असलेली लाली बहुधा इथे असते आणि तळहाताचा मधला भाग फिकाच राहतो. कधी बोटांची टोकं आणि नखांच्या मुळाजवळची त्वचाही लाल असते, काहींचे तळपायही. दोन्ही हातांवर साधारण सारखीच असते. खाज नसते, दुखत नाही, साल निघत नाही. हात थोडे गरम लागतात, एवढंच. डॉक्टर याला ‘पामर एरिथेमा’ म्हणतात.

आता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लाल जागा पाच सेकंद दाबून सोडा. जागा पांढरी पडून लगेच पुन्हा लाल झाली, तर ती लाली फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची. दाबूनही रंग हलला नाही, तर तो त्वचेखाली साकळलेलं रक्त, मेंदीचा उरलेला रंग किंवा आणखी काही असू शकतं. मेंदी काढलेली असेल तर रंग जाईपर्यंत हे बघण्यात अर्थ नाही.

घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी हात शेजारी ठेवून बघा. आपल्या हाताची आपल्याला सवय झालेली असते, शेजारी दुसरा हात आला की फरक कळतो. फोटो काढायचा तर त्याच खिडकीत, साधारण त्याच वेळी, शेजारी पांढरा कागद ठेवून आणि मोबाइलचा ब्युटी मोड बंद करून काढा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक काढा. डॉक्टरांना हे फोटो खरंच उपयोगी पडतात, कारण त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कधीपासून?’

सावळ्या रंगाच्या माणसाच्या अंगावरची लाली चटकन दिसत नाही, पण तळहाताची त्वचा मुळात उजळ असल्याने तिथे दिसते. मात्र रक्त कमी असेल, हिमोग्लोबिन सात-आठवर असेल, तर तळवे पांढरट दिसतात आणि असलेली लालीही झाकली जाते.

लिव्हरचा आणि हाताचा संबंध काय

शरीरातलं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन निकामी करून बाहेर टाकायचं काम लिव्हरचं. पुरुषांच्या अंगातही ते थोडं असतंच. लिव्हरमध्ये चट्टे पडून ते कडक होत गेलं, म्हणजे सिरोसिस झाला, की हे काम मंदावतं. रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. लिव्हरच्या आजारात नायट्रिक ऑक्साइडसारखे रक्तवाहिन्या रुंदावणारे पदार्थही वाढलेले असतात. तळहातात अशा वाहिन्यांचं जाळं दाट असल्याने ते तिथे उठून दिसतं.

पण सिरोसिस झालेल्या प्रत्येकाचे हात लाल होत नाहीत, साधारण चारांतल्या एकाचे होतात. त्यामुळे ‘माझे हात पांढरे, म्हणजे माझं लिव्हर चांगलं’ असा हिशेब कुणी करू नये. लाल हात असलेल्या बऱ्याच जणांचं लिव्हर उत्तम असतं, हेही तितकंच खरं.

हात लाल, पण लिव्हर ठीक

ऐरोलीच्या एका ताईंचं सॅम्पल घेत होतो. सातवा महिना, डोहाळजेवणाचा हिरवा चुडा हातात, आणि तळवे असे लाल की सासूबाईंनी मला दारातच गाठून विचारलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन आपोआप वाढतं, त्यामुळे पुष्कळ बायकांचे तळवे लाल होतात आणि बाळंतपणानंतर ते हळूहळू पूर्ववत होतात. यात घाबरायचं काही नाही. मात्र शेवटच्या तीन महिन्यांत तळहाताला आणि तळपायाला खाज सुटली, अंगावर पुरळ काही नाही, रात्री खाज वाढते, असं असेल तर ते लाल हातांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. पित्ताचा प्रवाह अडल्याने असं होऊ शकतं आणि त्याचा बाळाला धोका असतो. त्याच दिवशी आपल्या बाईंना, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांना, फोन करा. त्या एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आणि बाइल अ‍ॅसिडची, म्हणजे रक्तातल्या पित्ताम्लांची, तपासणी सांगतील. ‘उष्णता झालीय, सब्जा घे’ एवढ्यावर ती खाज सोडून देऊ नका.

बाकीची कारणं अशी. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात आणि सांधे सुजतात, तर संधिवात, त्यातही ऱ्हुमॅटॉइड. वजन उतरतंय, छातीत धडधड, हात घामेजलेले आणि कापरे, तर थायरॉइड वाढलेला. मधुमेहातही लाली दिसते. काही औषधांनी येते, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचेच तळवे लाल असतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. लहानपणापासून आहे आणि वडिलांचंही असंच होतं, असं कुणी सांगितलं की माझा जीव निम्मा भांड्यात पडतो. साबणा-डिटर्जंटने होणारा इसब वेगळा ओळखू येतो: खाजतो, सोलतो, भेगा पडतात. आणि लहान मुलाला पाच दिवस ताप असून हात-पाय, ओठ, डोळे लाल झाले असतील तर हे सगळं वाचत बसू नका, मुलाला घेऊन लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

सोबतीच्या खुणा

नुसत्या लाल हातावरून कुठलाही चांगला डॉक्टर निदान करत नाही, तो इतर खुणा शोधतो. त्यातल्या काही घरीही बघता येतात.

छाती, खांदे, मान, चेहरा बघा. मधोमध लाल ठिपका आणि त्यातून बाहेर पसरलेल्या कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर पेनाच्या बंद टोकाने मधला ठिपका हलकेच दाबा. सगळ्या रेषा पुसल्या गेल्या आणि पेन उचलताच मधून बाहेर पुन्हा भरल्या, तर तो ‘स्पायडर नेव्हस’. पुरुषाच्या अंगावर असे तीनपेक्षा जास्त असतील तर डॉक्टरांना दाखवाच. गरोदर किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना असे ठिपके लिव्हर चांगलं असतानाही येतात. वयपरत्वे येणारे टपोरे लाल तीळ निराळे, ते असे पुसले जात नाहीत.

डोळे उजेडात बघा. खाली बघायला सांगून वरची पापणी उचलली की पांढऱ्या भागाचा पिवळेपणा लवकर कळतो. लघवी चहासारखी गडद होतेय का? पाय सुजून बोट दाबल्यावर खळगा राहतो का? जेवण कमी होऊनही पोट वाढतंय, पँटचा पट्टा पुरत नाही आणि दंड-मांड्या मात्र वाळल्यात, असं तर नाही? पुरुषाच्या छातीत गाठीसारखं वाढलंय, दुखतंय? नखं बहुतांश पांढरी पडून टोकाशीच गुलाबी पट्टी उरलीय? यातलं एक जरी लाल तळव्यांच्या जोडीला असेल तर याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आणि यासाठी मात्र आठवडाही थांबायचं नाही: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौचास होणं, फुगलेल्या पोटासोबत ताप, किंवा माणूस बरळतोय, दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, सुट्टे पैसे मोजताना चुकतो, बस थांबवायला करतो तसे हात पुढे करून पंजे वर उचलले की पंजे मधूनमधून गळून पडतात. १०८ला फोन करा आणि सरळ इमर्जन्सीत न्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, ते डॉक्टरांना सांगा, पण घरी बसून ठरवू नका.

कोणत्या तपासण्या, आणि रिपोर्ट कसा बघायचा

हा माझा प्रांत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी घ्या. ‘फुल बॉडी’ पॅकेजच्या जाहिरातीत पासष्ट-सत्तर टेस्ट लिहिलेल्या असतात, पण त्यातल्या कितीतरी पॅकेजांत हिपॅटायटिस बी आणि सी नसतात, आणि या कामात त्याच हव्या असतात.

साधारण हे लागतं. पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या नळीत एलएफटी, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी). जांभळ्या झाकणाच्या नळीत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी (प्लेटलेट यातच कळतात), आणि साखरेसाठी एचबीएवनसी. निळ्या झाकणाच्या नळीत पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. ही निळी नळी खुणेपर्यंत भरायलाच हवी, कमी भरली तर रिपोर्ट चुकतो. टेक्निशियनने ‘थोडं कमी आलंय, चालेल’ म्हटलं तर त्याला पुन्हा घ्यायला सांगा, संकोच करू नका. जोडीला पोटाची सोनोग्राफी. डॉक्टरांना गरज वाटली तर थायरॉइड, संधिवाताच्या टेस्ट आणि लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन. नुसत्या एलएफटीला उपाशी राहावं लागत नाही, साखर किंवा चरबी तपासायची असेल तर ते म्हणतील तसं करा. आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये जोर लावू नका, कारण स्नायूंना ताण पडला की एलएफटीतली एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम लिव्हर चांगलं असूनही वाढतात.

रिपोर्ट आला की सगळे आधी एसजीपीटी शोधतात आणि तो ‘नॉर्मल’ दिसला की कागद कपाटात जातो. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याच ठिकाणी. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींची आत्ता किती नासधूस होतेय त्याचं माप आहे. वर्षानुवर्षं मार खाऊन लिव्हर कडक झालं असेल तरी एसजीपीटी चाळीसच्या आत असू शकतं. लिव्हर काम किती करतंय हे बघायचं तर अल्ब्युमिन (लिव्हर तयार करतं ते प्रथिन) आणि आयएनआर बघा. अल्ब्युमिन साधारण साडेतीनच्या वर असावं, रक्त पातळ करायची गोळी चालू नसेल तर आयएनआर एकच्या आसपास असावा. आणि प्लेटलेट बघा. लिव्हर कडक झालं की त्यातून रक्त नीट जात नाही, दाब मागे वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू आठवतो, ते बरोबरही आहे. पण डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट बरं झाल्यावर वर येतात. ताप जाऊन दोन महिने झाले तरी त्या दीड लाखाच्या खालीच असतील, जुन्या रिपोर्टमध्येही तशाच असतील, तर लिव्हरचा विचार व्हायलाच हवा.

वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला काम करणारे एक काका आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी, दारूचा थेंब कधी शिवला नाही. मधुमेह जुना, पोट सुटलेलं, तळवे लालबुंद. एसजीपीटी अगदी नॉर्मल, प्लेटलेट मात्र लाखाच्या खाली. डॉक्टरांनी लिव्हर म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न उठला, ‘चोरून पितात की काय?’ माळकरी माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना होतं ते साखर आणि चरबीमुळे आलेलं फॅटी लिव्हर, पुढे गेलेलं. लिव्हर खराब व्हायला दारूच लागते असं नाही. लाल हात बघून कुणाला पिणारा ठरवू नका, कळकळीने सांगतो. त्या एका संशयापायी माणसं आजार लपवतात आणि तपासणी टाळतात. आणि जो खरंच पितो, त्याच्याशीही ओरडून बोलू नका. दारू सुटली तर लिव्हर बऱ्याच अंशी सावरू शकतं, हे त्याला सांगा. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात तोडू नये, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या मदतीने सोडावी.

लिव्हर किती कडक झालं असेल याचा अंदाज देणारा, घरच्या घरी करता येणारा एक हिशेब आहे, त्याला एफआयबी-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे १.१० लाख असेल तर ११०. समजा वय ५२, एसजीओटी ६४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट ११०. वर ५२ × ६४ = ३३२८, खाली ११० × ७ (४९चं वर्गमूळ) = ७७०, उत्तर ४.३. आकडा १.३च्या खाली असेल तर लिव्हर फार कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. २.६७च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. मधला असेल तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी. पासष्टीच्या पुढे १.३ऐवजी २ धरतात. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही, आणि डेंग्यू, मलेरिया किंवा कावीळ चालू असताना तर अजिबात करू नका.

डॉक्टरांकडे जाताना

नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथून सुरुवात करता येते. पुढे पोटविकारतज्ज्ञ लागले तर परळचं केईएम आणि सायन हॉस्पिटल आहेतच. सरकारी दवाखान्यात हिपॅटायटिसबद्दल मुद्दाम विचारा. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हे ठाऊक नसल्याने माणसं उगाच हाय खात बसतात.

सोबत जुने रिपोर्ट आणि सगळ्या औषधांची पाकिटं न्या, काढे-चूर्णंसुद्धा. पंचवीसएक वर्षांपूर्वी रक्त चढवलं होतं का, टॅटू काढलाय का, घरात कुणाला लिव्हरचा आजार होता का, हे आठवून कागदावर लिहा. दारू किती हे खरं सांगा.

हाताला मलम लावू नका, लालीला वेगळं औषध नसतं, कारणावर उपचार होतात. ‘लिव्हर साफ’ करणारी बाटली तर आणूच नका. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलेत. निदान होईपर्यंत अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, खराब लिव्हर असताना त्यांनी किडनी बसू शकते. लिव्हरचा आजार ठरला असेल तर कालवं-तिसऱ्या पूर्ण शिजवूनच खा. कच्च्या राहिलेल्या शिंपल्यांतले जंतू अशा माणसाला जिवावर बेततात.

आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, तर ताट-वाटी वेगळी करू नका. एकत्र जेवल्याने, जवळ बसल्याने हिपॅटायटिस बी पसरत नाही. वस्तरा, टूथब्रश आणि नेलकटर तेवढे वेगळे ठेवा. नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची तपासणी करा, आणि ज्यांना संसर्ग नाही व संरक्षणही नाही त्यांना लस द्या: आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. पहिले दोन डोस सगळे घेतात, तिसरा राहून जातो. त्याची तारीख कालनिर्णयवर आजच लिहून ठेवा.